आकाशाला फुगे का येतात?

पत्र : मी देवरुखला राहते. जुन्या मासिकांच्या पानांचे तुकडे चिकटवून कोलाज करते. कौलारू घरं, खाडी, भातशेती असे विषय, आकार साधारण १८ × २४ इंच. बाइंडरकडचा दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा घेते, फेविकॉलने तुकडे लावते आणि शेवटी चमक यावी म्हणून सगळ्या चित्रावर फेविकॉलचाच एक हात देते. आकाशाचे मोठे तुकडे लावले की फुगे येतात. दाबून बसवले तरी दुसऱ्या दिवशी परत उठतात. पातळ पानांच्या मागचा मजकूर पुढे दिसू लागतो. पुठ्ठा पापडासारखा वाकतो. गेल्या पावसाळ्यात दोन चित्रांवर काळे ठिपके आले आणि एकाची कड कसरीने खाल्ली. डिसेंबरात इथल्या वाचनालयाच्या सभागृहात बारा चित्रं मांडायची आहेत, काही विकली जातील अशी आशा आहे. आजोबांचे जुने दिवाळी अंक घरात आहेत. त्यांची मुखपृष्ठं वापरावीशी वाटतात, पण कात्री लावायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुमच्या हातात काही खोट नाही. फुगे, वाकलेला पुठ्ठा, पलीकडचा मजकूर, बुरशी, या सगळ्यांचं मूळ पाण्यात आहे. फेविकॉलमधलं पाणी आणि कोकणच्या हवेतलं पाणी कागदात कसं शिरतं आणि कसं निघतं, हे कळलं की यातलं बरंचसं टळतं.

आधी फुगे. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने आडवे पडतात. तंतू ओला झाला की लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतो. त्यामुळे पानही एकाच बाजूला पसरतं. मासिकाचं नेहमीच्या आकाराचं पातळ पान भिजल्यावर त्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर वाढू शकतं. तुम्ही कोरडं पान ओल्या फेविकॉलवर ठेवता आणि लगेच दाबून बसवता. पान त्यानंतर पाणी पिऊन वाढायला लागतं. कडा चिकटलेल्या असतात, वाढलेला भाग बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून मधे उठतो. लहान तुकड्यात ही वाढ नगण्य असते. फुगे आकाशालाच येतात आणि कौलांना येत नाहीत, याचं कारण एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते परत का उठतात? डब्यातला फेविकॉल पाणी न घालता लावला की कोरड्या हवेत पाचेक मिनिटांत त्याच्यावर साय धरते. फुगा दाबता तेव्हा कागद त्या सायीला टेकतो, धरला जात नाही. वजन काढलं की सुटतो.

तेव्हा कागदाला जेवढं वाढायचं आहे तेवढं चिकटवण्याआधीच वाढू द्या. फेविकॉल तीन भाग, पाणी एक भाग असं मिश्रण करा. ते पातळ दह्यासारखं दिसलं पाहिजे. ब्रशच्या रेघा उमटून तशाच राहिल्या तर अजून दाट आहे, ब्रशवरून पाण्यासारखं टपकलं तर पातळ झालं. तुकडा उलटा ठेवून मागून ओलसर स्पंज एकदाच फिरवा. तो आधी गुंडाळायला बघेल, मग मिनिटा-दोन मिनिटांत सैल पडून सपाट होईल. तो सपाट होत असताना पुठ्ठ्यावर एक इंची चपट्या ब्रशने पातळ हात द्या आणि तसाच तुकड्याच्या मागे द्या. एका कडेने टेकवत न्या. वर बटर पेपर ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडांकडे हवा काढत या. बटर पेपर मधे हवाच. गुळगुळीत आर्ट पेपरवर चिनी मातीचा किंवा खडूचा लेप असतो, ओला असताना तो मऊ होतो आणि थेट घासलं की शाईसकट निघून येतो.

अर्ध्या तासाने बटर पेपर काढून टीपकागद ठेवा. बटर पेपरखाली पाणी कोंडून राहतं. टीपकागदावर सपाट फळी आणि तिच्यावर वजन. तुमच्याकडे परसात जांभ्याचा चिरा असेलच. तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलात तर त्याहून चांगलं वजन शोधायची गरज नाही. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला. त्याच्याऐवजी छापील वर्तमानपत्र मात्र ठेवू नका, त्याची शाई चित्रावर उतरते.

मोठ्या आकाशासाठी आणखी एक रीत आहे, आणि तुमच्या कामाला आम्हाला तीच जास्त योग्य वाटते. तुकड्याच्या मागे फेविकॉलचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्या. पुठ्ठ्यावरही तसाच हात देऊन वाळू द्या. दोन्ही बोटाला अजिबात चिकट लागायला नकोत, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात याला दोन-तीन तास पुरतात. वाळताना तुकडा वाकडा होईल, त्याची काळजी नको. मग तो जागेवर ठेवा, वर बटर पेपर टाका आणि रेशमी कपड्यांच्या तापमानावरची, वाफ बंद केलेली इस्त्री एकेका जागी आठ-दहा सेकंद टेकवत पुढे सरका. फेविकॉल उष्णतेने मऊ होतो आणि गार झाला की धरतो. या रीतीत चिकटवताना पाणीच नसल्यामुळे कागद वाढत नाही. गार होईपर्यंत वजन ठेवा. एक मर्यादा आहे : मुखपृष्ठांवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो इस्त्रीने आकसतो. पान फाडून पाहा. फाटताना कडेला पारदर्शक पापुद्रा ताणला गेला तर ते पान इस्त्रीसाठी बाद. लेझर प्रिंटही इस्त्रीखाली नको.

आधीच्या चित्रांतले फुगेही याच उष्णतेने बसतात. आत फेविकॉल आहे पण कागद सुटलाय, अशा ठिकाणी बटर पेपरवरून पाच-सहा सेकंद इस्त्री आणि लगेच वजन. आत फेविकॉल पोचलाच नसेल तर टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो. तिथे नव्या ब्लेडने चित्रातल्या एखाद्या गडद रेघेवरूनच छोटा छेद द्या, जाड सुईच्या सिरिंजने थेंबभर पातळ फेविकॉल आत सोडा, बाहेर आलेला ओल्या कापडाने टिपा आणि दाबा. मात्र चोवीस तास थांबूनच फुग्याला हात लावा. बरेचसे फुगे कागद वाळून आकसला की आपोआप ताणून बसतात, आणि घाईत दिलेला छेद कायमचा दिसतो.

आता मागचा मजकूर. मासिकाचं पातळ पान पांढरं दिसतं ते तंतूंमधल्या हवेमुळे. ती हवा प्रकाश विखुरते. फेविकॉल त्या पोकळ्यांत भरला की पान तेलकट कागदासारखं पारदर्शक होतं. तुम्ही म्हणाल, मागून पांढरा रंग देऊ. बरेच जण देतात आणि मग कोड्यात पडतात, कारण छपाई रंगाच्या आणि पानाच्या मधेच राहते आणि मागच्या पांढऱ्यावर अक्षरं उलट जास्तच उठून दिसतात. मागे मध्यम करडा रंग असला की अक्षर आणि रिकामी जागा यांच्यातला फरक बुजतो. आकाश थोडं गडद होतं, पण पावसाळी आकाशाला ते शोभतंच. फिकट निळंच हवं असेल तर मागे चित्र किंवा एकसारखा रंग छापलेली पानं निवडा, अक्षरांची टाळा. पान उजेडासमोर धरून हे आधीच कळतं. वर सांगितलेल्या इस्त्रीच्या रीतीत फेविकॉल कागदात कमी झिरपतो, म्हणून तिथे हा त्रासही कमी होतो.

मुळात आकाश एकाच मोठ्या तुकड्याचं असावं का, हाही विचार करून पाहा. बंगालच्या शकीला शेख वर्तमानपत्रं आणि मासिकं फाडून कोलाज करत आल्या. त्यांच्या कामात फाडलेल्या कागदाचा तुकडा कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा पडतो. तळहाताएवढे फाडलेले तुकडे एकमेकांवर अर्धा सेंटिमीटर चढवत गेलात तर वर सांगितलेला अर्धा खटाटोप वाचतो आणि आकाशात हालचाल येते. पान फाडताना एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. ओढण्याची दिशा बदललीत की पांढरी कड दुसऱ्या तुकड्याकडे जाते. चार रद्दी पानांवर सराव करा. ती पांढरी कड खाडीच्या फेसाला आणि डोंगरावरच्या धुक्याला इतकी नेमकी बसते की रंगाने तशी काढता येणार नाही. जिथे ती नको, तिथे कापलेल्या कडेवर जवळच्या रंगाची पेन्सिल फिरवा.

पुठ्ठा वाकतो कारण तुम्ही एकाच बाजूला काम करता. चिकटवलेला ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे चित्राची बाजू खोलगट होते. उलट बाजूने तेवढीच ओढ द्यायला हवी. पुढे जेवढे थर, साधारण तेवढ्याच वजनाचा कागद मागे त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने लावा. पुढे एकच मोठं पान असेल तर मागच्याच्या तंतूंची दिशा तीच ठेवा. दिशा ओळखायला पानाचा दोन इंची चौकोन एका बाजूने ओला करा. त्याची नळी होईल, आणि नळी ज्या दिशेला लांब ती तंतूंची दिशा. पुढे लहान तुकडे सगळीकडे फिरलेले असतील तर दिशेची चिंता नको. आधीच वाकलेल्या चित्रांनाही मागून ओलसर कागद लावून दोन फळ्यांमधे तीन दिवस ठेवा. बहुतेक सरळ होतील.

पण करडा पुठ्ठा मात्र विकायच्या चित्रांसाठी सोडाच. तो रद्दी कागदाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल असतं, आणि काही वर्षांत ते वरच्या कागदाला पिवळं आणि ठिसूळ करतं. दोन पर्याय आहेत. चार मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना ॲक्रिलिक प्रायमरचे दोन-दोन हात देऊन. कडा विसरू नका, ओल तिथूनच शिरते. हे पुठ्ठ्याइतकं वाकत नाही, पण जड होतं. दुसरा पर्याय आम्लरहित माउंट बोर्डाचा किंवा सुती चिंध्यांपासून केलेल्या जाड कागदाचा. पुण्याच्या हातकागद संस्थेत असा कागद मिळतो. १८ × २४ इंचाला ३०० जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममधे) कमी घेऊ नका.

बुरशी आणि कसर यांच्याबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. चित्रावर दिलेला फेविकॉलचा शेवटचा हात बंद करा. फेविकॉल वाळला तरी पाण्याशी त्याचं नातं तुटत नाही. दमट हवेत तो मऊ आणि किंचित चिकट होतो, धूळ धरतो, दुधाळ दिसतो, काचेला टेकला तर काचेला चिकटतो. आणि जो थर ओल धरून ठेवतो, त्यावर बुरशी बसायला जागा मिळते. चमक हवी असेल तर ॲक्रिलिक वॉर्निश वापरा, पातळ दोन हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, मधे चार तास. स्प्रे असेल तर पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून. पावसाच्या दिवसांत वॉर्निश नको, हवेतली ओल अडकून पांढुरकी झाक येते. ज्या चित्रांवर फेविकॉलचा हात आधीच आहे तो काढायच्या फंदात पडू नका, शाई निघेल. हवा कोरडी झाली की त्यावरच वॉर्निश द्या.

बाइंडर मैद्याची खळ वापरतात आणि तुम्हाला कुणीतरी ती सुचवेलच. देशावरच्या कोरड्या हवेत ती छान चालते. कोकणात नको. पीठ हे कसरीचं आणि बुरशीचं अन्नच आहे, आणि त्यासाठी खळीत घालायचा मोरचूद विषारी असतो, घरात मुलं असतील तर नकोच.

काळे ठिपके आलेली दोन चित्रं आज बाकीच्यांपासून वेगळी करा. सावलीत, वाऱ्यावर, पंख्याखाली दोन दिवस वाळवा. उन्हात नको. मग घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडा. ओल्या कापडाने पुसाल तर ती पसरते. डाग काही ठिकाणी राहतील. तिथे वरून नवा तुकडा लावणं हाच प्रामाणिक उपाय, कोलाजला ती सोय आहे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि तुमच्याकडे पावसात ती त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणून चित्र भिंतीपासून सुटं ठेवायचं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुट्ट्या लावा म्हणजे मागून हवा खेळेल. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. काच आणि चित्र यांच्यात माउंटची पट्टी किंवा तीन-चार मिलिमीटरची फट हवीच. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीतच उपयोगी पडतात. रंग बदलला की त्या तापवून वाळवाव्या लागतात, नाहीतर नुसती शोभा. डांबरगोळ्या कसरीला थोडं लांब ठेवतात, बुरशीला नाही.

उन्हाबद्दलही गिऱ्हाइकाला सांगत जा. मासिकाच्या छपाईत पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. सलूनच्या काचेवरची पोस्टरं निळी पडलेली तुम्ही पाहिली असतील. तुमच्या भाताच्या हिरव्यातला पिवळा गेला की शेत निळं होईल. खिडकीसमोरची भिंत या चित्रांची जागा नव्हे.

आता आजोबांचे अंक. हात धजत नाही हे बरोबर आहे, त्याचं ऐका. मराठीत दिवाळी अंक सुरू झाला तो १९०९ साली, काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा. त्या परंपरेतली जुनी मुखपृष्ठं, चित्रकार दीनानाथ दलालांसारख्यांची, आज अखंड अंकांवर फार कमी उरली आहेत. कापलेला अंक पुन्हा जोडता येत नाही. मुखपृष्ठ स्कॅन करा आणि प्रत लेझर प्रिंटरवर काढून घ्या. इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलने पसरते. लेझरची पसरत नाही. अखंड अंक ठेवायला जागा नसेल तर आधी जवळच्या ग्रंथालयाला विचारा, मगच रद्दीचा विचार करा.

विक्रीच्या बाबतीत कायदा लक्षात असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. तेव्हा त्यांचं मुखपृष्ठ ओळखू येईल असं तुमच्या विकायच्या चित्रात घालायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्या. घरात टांगायला केलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. अलीकडच्या अंकांतली छायाचित्रं, जाहिराती, नटनट्यांचे चेहरे यांनाही तेच लागू. निळ्या जाहिरातीचा फाडलेला तळहाताएवढा तुकडा, ज्यात मूळ काही ओळखूच येत नाही, तो आकाशात लावल्याने अडचण येण्याची शक्यता फार कमी. पूर्ण चेहरा किंवा पूर्ण चित्र जसंच्या तसं लावू नका. मग धोकाही नाही आणि चित्रही जास्त तुमचं होतं.

डिसेंबरसाठी वेळ असा वाटा. पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत चिकटवू नका. आत्ता पानं निवडा, आणि ती विषयाप्रमाणे नाही तर रंगाप्रमाणे पाकिटांत लावा : गडद हिरवा, पोपटी, विटकरी, करडा, आकाशी. कौलांसाठी विटकरीची दोन पाकिटं हवीत, एक उन्हातलं आणि एक सावलीतलं. तुकडे न चिकटवता पुठ्ठ्यावर मांडून फोनवर फोटो काढून ठेवा, चिकटवताना तो नकाशा होतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की आठवड्याला दोन चित्रं, यापेक्षा जास्त नको. प्रत्येकाला वजनाखाली दोन दिवस आणि वॉर्निशआधी आणखी चार दिवस लागतात. बारा चित्रांचे सहा आठवडे झाले. फ्रेमवाल्याला नोव्हेंबर अखेरीस काम द्यायचं म्हणजे दसऱ्याला पहिलं पान चिकटलं पाहिजे. बारा होत नसतील तर नऊ मांडा.

सभागृहात नेताना चित्रं समोरासमोर, मधे बटर पेपर घालून, उभी न्या. आडवी रचली की खालच्यावर वजन येतं आणि वॉर्निश ताजं असेल तर चिकटतं. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने लिहा : कुठल्या मासिकांची पानं, कोणता गोंद, कोणतं वॉर्निश, महिना आणि वर्ष. पेनने नको, ओल लागली की शाई पाझरते. दहा वर्षांनी त्या चित्राची एखादी कड सुटली आणि कुणी दुरुस्तीला बसलं, तर त्याला पहिल्यांदा हेच हवं असेल.